दहा मण्यांपासून दोन अंकांपर्यंत

रोझरीची माळ हातात घेऊन घरातील माणसे सायंकाळी प्रार्थनेला बसतात, तेव्हा 'नमो मारिया' किती झाल्या हे मनात कोणीच मोजीत नाही. मोजण्याचे काम आपण मण्यांवर सोपवलेले असते. दहा मणी सरले की थोडे अंतर सोडून एक निराळा मणी बोटाला लागतो. एक दशक संपले, आता प्रभूची प्रार्थना म्हणून पुढील रहस्याकडे वळावयाचे, हे तो मणी न बोलता सांगतो. मन रहस्याच्या चिंतनात गढलेले असो की दिवसभराच्या श्रमाने डोळ्यांवर झापड येत असो, हिशेब चुकत नाही. कारण तो डोक्यात नसून माळेत आहे.

संख्या जड वस्तूच्या स्वाधीन करावयाची आणि मन अन्य कामासाठी मोकळे ठेवावयाचे, ही माळेची जी युक्ती, तीच संगणकाची युक्ती होय. आज संगणक धर्मग्रामाच्या कचेरीत, पतपेढीत, मुलांच्या हातातील फोनमध्ये येऊन बसला आहे. 'मशीनचा हिशेब आहे, तो चुकेल कसा?' हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे. कदाचित उच्चारलेही आहे. ते कितपत खरे, हे पाहावयाचे तर माणसाने संख्या कशा लिहिल्या याच्या इतिहासात थोडे मागे जावे लागते. आज जगभर रूढ असलेल्या अंकांचा तो इतिहास आपल्याच देशात सुरू होतो, आणि त्याच्या काही मोठ्या वळणांवर ख्रिस्ती मठवासी, बिशप, एक पोप आणि एक धर्मभगिनी आपणांस भेटतात.

नऊ खुणा आणि एक रिकामी जागा

संख्या आणि तिची खूण या दोन भिन्न गोष्टी आहेत. प्रेषित बारा होते. ते आपण १२ असे लिहिले, रोमन अक्षरांत लिहिले किंवा भिंतीवर बारा रेघा ओढल्या, तरी प्रेषितांच्या संख्येत फरक पडत नाही. फरक पडतो तो हिशेब करणाऱ्याच्या श्रमात. जुन्या चर्चच्या दर्शनी भिंतीवर कोरलेली रोमन सालें आपण पाहिली असतील. १८८८ हे साल त्या पद्धतीने लिहावयाचे तर तेरा अक्षरे लागतात. त्यानंतर बाराच वर्षांनी येणारे १९०० मात्र तीन अक्षरांत मावते. अशा दोन संख्या एकाखाली एक मांडून त्यांचा गुणाकार करू पाहणाऱ्याची काय त्रेधा उडेल, ते सांगावयास नको. म्हणूनच रोमन लोक अक्षरांनी संख्या केवळ नोंदवीत. हिशेब करीत तो पाटीवर खडे सरकवून.

जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनांच्या काळातील जो शिलालेख आहे, त्यात यज्ञप्रसंगी दिलेल्या दानांच्या संख्या कोरलेल्या आहेत. त्या खुणांत आपल्या अंकांचे पूर्वज ओळखू येतात. परंतु तेथे दहाला, शंभराला, हजाराला वेगवेगळी चिन्हे आहेत, स्थानमूल्य नाही. पुढील काही शतकांत आपल्या देशात जी क्रांती झाली ती अशी की चिन्हे केवळ नऊ ठेवावीत आणि त्यांची किंमत त्यांच्या जागेवरून ठरवावी. मग एखादी जागा रिकामी असेल तर ती रिकामी आहे हे सांगणारी दहावी खूण लागली. इ. स. ६२८ मध्ये ब्रह्मगुप्ताने आपल्या 'ब्राह्मस्फुटसिद्धान्त' या ग्रंथात शून्याशी बेरीज-वजाबाकी कशी करावी याचे नियम दिले आणि शून्याहून मोठ्या संख्येला 'धन', लहान संख्येला 'ऋण' म्हटले. आपली मुले शाळेत आजही तेच दोन शब्द गिरवतात. ग्वाल्हेरच्या किल्ल्यावरील एका देवळात इ. स. ८७६ चा लेख आहे. फुलबागेसाठी दिलेल्या २७० हात लांबीच्या जमिनीची आणि देवाला रोज वाहावयाच्या ५० माळांची नोंद त्यात आहे. या दोन्ही संख्यांतील शून्य आपण आज लिहितो तसेच वाटोळे आहे.

या नऊ खुणांची कीर्ती भारताबाहेर गेली, तिचा एक अगदी जुना साक्षीदार ख्रिस्ती आहे. फरात नदीकाठच्या केन्नेश्रे येथील मठातील सिरियन बिशप सेव्हेरस सेबोख्त यांनी इ. स. ६६२ मध्ये भारतीयांच्या नऊ चिन्हांनी चालणाऱ्या गणनेची मनमोकळी प्रशंसा केली. सारे ज्ञान ग्रीकांचेच, अशी मिरवणूक काढणाऱ्यांचा त्यांना वीट आला होता. दुसऱ्या भाषेच्या लोकांनाही काही ठाऊक असते, हे त्यांना सांगावयाचे होते. पुढे बगदाद येथे नवव्या शतकाच्या पूर्वार्धात अल ख्वारिज्मी यांनी या गणनेवर ग्रंथ रचला. त्यांच्याच नावापासून 'अल्गोरिदम' हा शब्द निघाला. आपल्या 'शून्या'चे अरबीत 'सिफ्र' झाले आणि 'सिफ्र'पासून युरोपातील 'सायफर' व 'झिरो' हे दोन्ही शब्द जन्मले.

अंकमण्यांचा पोप

उत्तर स्पेनमधील आल्बेल्दा येथील संत मार्टिनच्या मठात विहिला नावाच्या मठवासीने इ. स. ९७६ मध्ये एक मोठे हस्तलिखित पुरे केले. त्यात आपले नऊ अंक आढळतात. पश्चिम युरोपातील लॅटिन हस्तलिखितांत ते प्रथम दिसतात ते येथेच. शून्य मात्र तेथे नाही.

त्याच सुमारास फ्रान्समधील ओरिआकच्या मठातील जर्बेर नावाचा तरुण मठवासी कॅटलोनियात शिकावयास गेला होता. विक येथील बिशप आट्टो यांच्याजवळ राहून तो गणित शिकला आणि नंतर रॅंसच्या कथीड्रलच्या शाळेत गुरू झाला. त्याचा शिष्य रिशेर याने लिहून ठेवले आहे की जर्बेरने एका ढाली बनविणाऱ्या कारागिराकडून सत्तावीस रकान्यांची गणनपाटी करवून घेतली आणि शिंगाचे एक हजार मणी घडवून त्यांवर नऊ अंकांच्या खुणा उमटवल्या. मणी ज्या रकान्यात ठेवावा त्या रकान्याची किंमत त्याला मिळे. रिकाम्या रकान्यात काहीच ठेवावयाचे नसल्याने शून्याची गरज भासत नसे. हाच जर्बेर इ. स. ९९९ मध्ये दुसरे सिल्व्हेस्टर या नावाने पोप झाला. फ्रान्समधून त्या आसनावर बसलेला तो पहिला पुरुष.

त्यांच्या मृत्यूनंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिल्या गेलेल्या कथांत मात्र या विद्वान पोपने सैतानाशी करार करून ही विद्या मिळवली, असे सांगितले गेले. परक्यांकडून आलेली विद्या, तीही सामान्यांना न समजणारी. तेव्हा तिच्यामागे काहीतरी काळेबेरे असणारच, असा हा तर्क. आमच्या मते या कथेत आपणांसाठी धडा आहे. न कळलेल्या विद्येला कधी सैतानाची म्हणणे आणि कधी देवाच्या वचनाप्रमाणे अचूक मानणे, या दोन्ही वृत्ती एकाच आळसातून येतात. समजून घेण्याचे कष्ट दोहोंतही वाचतात.

पीसाच्या लिओनार्दो फिबोनाची यांनी १२०२ मध्ये आपल्या ग्रंथातून व्यापाऱ्यांपुढे शून्यासह हे अंक ठेवले. तरीही १२९९ मध्ये फ्लॉरेन्सच्या सराफसंघाने आपल्या सभासदांना हिशेबवहीत ते वापरण्यास मनाई केली. शून्याला एक शेपूट जोडले की सहा किंवा नऊ होतो, तेव्हा लबाडीला वाव मिळेल, असे तिचे कारण सांगितले जाते. यांतील हास्यास्पद भाग सोडला तर त्या सराफांची चिंता योग्यच होती. संख्या जितक्या सोप्या रीतीने लिहिता येते, तितक्याच सोप्या रीतीने ती बिघडवताही येते.

शून्य नसल्याची एक खूण तर आपल्या दिनदर्शिकेतच राहून गेली आहे. डायोनिसियस एक्सिगुअस या मठवासीने इ. स. ५२५ च्या सुमारास पुनरुत्थानाच्या सणाच्या तारखा काढताना ख्रिस्तजन्मापासून वर्षे मोजण्याची पद्धत घातली. तिच्यात शून्य वर्ष नाही. इ. स. पूर्व १ नंतर एकदम इ. स. १ येते. म्हणूनच विसाव्या शतकाचा शेवट १९९९ अखेर न होता २००० च्या अखेरीस झाला. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९९ च्या नाताळपूर्वसंध्येला उघडलेले महाज्युबिलीचे पवित्र द्वार ६ जानेवारी २००१ रोजी बंद केले. त्या वर्षी शतक नेमके कधी बदलते यावर घरोघर झालेले वाद अनेकांना आठवत असतील. त्या वादाचे मूळ एका नसलेल्या शून्यात होते.

दोनच अंक पुरेत

दहाच अंक का? उत्तर साधे आहे: बोटे दहा म्हणून. मग दोनच अंक घेतले तर? स्पेनमध्ये जन्मलेले सिस्टर्शियन मठवासी आणि पुढे इटलीत बिशप झालेले हुआन कारामुएल यांनी १६७० मध्ये छापलेल्या आपल्या गणितग्रंथात दोनापासून पुढे निरनिराळ्या आधारांच्या गणनपद्धती मांडून दाखवल्या. यांत दहाची पद्धत ही अनेकांपैकी एक ठरते. तिला काही ईश्वरी अधिष्ठान नाही.

दोन अंकांची कल्पना आपल्याकडे निराळ्या वेशात फार पूर्वीपासून नांदत होती. पिंगलाच्या छंदःशास्त्रात अक्षरे दोनच प्रकारची, लघू आणि गुरू. तीन अक्षरांचा एक गण धरला तर लघु-गुरूंच्या मांडण्या आठच होतात. य, म, त, र, ज, भ, न, स हे ते आठ गण मराठी शाळेत वृत्ते शिकलेल्या प्रत्येकाने घोकलेले असतात. लघूला ० आणि गुरूला १ म्हणा; न गण ००० होतो, म गण १११ होतो, आणि बाकीचे सहा मधल्या सहा संख्यांच्या जागी जाऊन बसतात. मराठीच्या तासाला आपण नकळत द्विमान पद्धतीच तोंडपाठ करीत होतो.

या पद्धतीला गणिताचे पूर्ण रूप दिले ते जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझ (१६४६–१७१६) यांनी. स्थानमूल्य येथेही आहे, मात्र प्रत्येक डावे घर उजव्याच्या दहापट नसून दुप्पट. एक, दोन, चार, आठ अशी घरे. तेरा म्हणजे आठ, चार आणि एक. म्हणून तेरा ११०१ असे लिहावयाचे. लायब्निझ लुथरन होते, परंतु दुभंगलेली ख्रिस्तसभा पुन्हा एक व्हावी या तळमळीने त्यांनी कॅथलिक विद्वानांशी आयुष्यभर पत्रव्यवहार केला. द्विमान अंकांत त्यांना सृष्टीच्या उत्पत्तीचे चित्र दिसे. शून्य म्हणजे निव्वळ अभाव, एक म्हणजे परमेश्वर. आणि अभावातून एकाच्या योगे सर्व संख्या उभ्या राहतात. १६९७ च्या नववर्षाला त्यांनी ब्रुन्सविकच्या ड्यूकला पत्र लिहून या कल्पनेचे पदक पाडावे असे सुचवले.

पेकिंग येथे सम्राट कांग्शी यांच्या दरबारी असलेले येशूसंघीय फादर जोआकिम बूव्हे यांच्याशीही त्यांचा पत्रव्यवहार होता. बूव्हे यांनी १७०१ मध्ये पाठवलेले पत्र १७०३ च्या एप्रिलमध्ये लायब्निझ यांच्या हाती पडले. सोबत प्राचीन चिनी ग्रंथातील चौसष्ट आकृतींचा तक्ता होता. प्रत्येक आकृतीत सहा रेघा, कोणती अखंड तर कोणती तुटलेली. अखंड रेघेला १ आणि तुटलेल्या रेघेला ० म्हटले की शून्यापासून त्रेसष्टपर्यंतच्या सर्व संख्या तेथे क्रमाने उभ्या होत्या. त्या आकृती रचणाऱ्यांच्या मनात गणित होते असे म्हणण्यास आधार नाही. लायब्निझ यांनी त्यांत आपल्याच मनातले वाचले. तथापि त्याच वर्षी त्यांनी द्विमान गणितावरील आपला निबंध पॅरिसच्या अकादमीकडे पाठवला, त्याला हे पत्र कारण झाले. एका मिशनरीच्या पत्राने तो निबंध जगापुढे आणला, हे विसरता येणार नाही.

विजेच्या तारेत संख्या

यानंतर दोन शतकांहून अधिक काळ द्विमान पद्धती विद्वानांचे कुतूहल होऊन राहिली. १८५४ मध्ये जॉर्ज बूल यांनी 'खरे' आणि 'खोटे' यांचे बीजगणित रचले. १९३७ मध्ये क्लॉड शॅनन यांनी दाखवले की विजेच्या चालू-बंद होणाऱ्या कळांनी हेच बीजगणित सोडवता येते. बर्लिनमध्ये कॉनराड त्सुझे यांनी १९४१ मध्ये पुरे केलेले यंत्र द्विमान पद्धतीवर चालत होते. अमेरिकेत १९४६ मध्ये लोकांपुढे आलेले, सुमारे अठरा हजार व्हॉल्व्हचे एनिॲक यंत्र मात्र दशमान होते आणि एकेका अंकासाठी त्यात दहा-दहा जागा खर्ची पडत. द्विमान पद्धतीचा विजय झाला तो तिच्या साधेपणामुळे. तारेत वीज आहे की नाही एवढेच ओळखणे सोपे असते. ती दहापैकी कोणत्या पातळीवर आहे हे दर क्षणी ओळखू गेल्यास चूक होण्याचा संभव फार.

एका ० वा १ च्या घराला 'बिट' म्हणतात आणि आठ घरांच्या ओळीला 'बाइट'. आठ घरांत २५६ निरनिराळ्या मांडण्या होतात. म्हणजे ० ते २५५ या संख्या मावतात. मग ऋण संख्या कशा लिहावयाच्या? वजाचे चिन्ह तर यंत्राला ठाऊक नाही. येथे योजलेली युक्ती मोटारसायकलच्या किलोमीटरच्या चाकांवरून समजेल. मीटर ००००० वर असताना चाके एक घर मागे फिरवली तर ९९९९९ दिसेल. तेव्हा ९९९९९ लाच 'वजा एक' म्हणावयाचे. त्याच न्यायाने आठ घरांत वजा पाच म्हणजे २५६ मधून ५ वजा करून उरलेले २५१, म्हणजेच १११११०११. त्यात पाच, म्हणजे ०००००१०१, मिळवा. हातचा नवव्या घरात जाऊ पाहतो, ते घरच नसल्याने गळून पडतो आणि आठही घरांत शून्ये उरतात. ब्रह्मगुप्ताचे धन आणि ऋण येथे असे एकमेकांना फेडतात. मात्र आता या आठ घरांत वजा १२८ पासून १२७ पर्यंतच संख्या मावतात. संगणकाविषयी लक्षात ठेवावयाची पहिली गोष्ट ही, की त्यातील प्रत्येक संख्या ठरावीक मापाच्या भांड्यात असते.

या यंत्रांच्या इतिहासात दोन कॅथलिक नावे आदराने घ्यावी लागतात. इटालियन येशूसंघीय फादर रोबेर्तो बूसा (१९१३–२०११) हे संत थॉमस अक्वायनस यांच्या लिखाणातील ईश्वराच्या सान्निध्याची कल्पना अभ्यासीत होते. तिचा अर्थ नेमका कळावयास संताने लहानसहान शब्दही कोठे आणि कसे वापरले ते पाहावे लागे. १९४९ मध्ये त्यांनी न्यूयॉर्कला आयबीएमचे प्रमुख थॉमस वॉटसन यांची भेट घेऊन साह्य मिळवले. भोके पाडलेल्या कार्डांवर आरंभ झालेली, सुमारे एक कोटी दहा लक्ष शब्दांची ती सूची पुढे ५६ खंडांत छापली गेली. ती कार्डे भरण्याचे किचकट काम मिलानजवळच्या गाल्लाराते येथे तरुण मुलींनी केले. मोठ्या कामाचे श्रेय वाटताना अशा हातांची आठवण राहात नाही, म्हणून ती येथे मुद्दाम केली आहे. दुसरे नाव सिस्टर मेरी केनेथ केलर यांचे. अमेरिकेत संगणकशास्त्रातील डॉक्टरेट मिळवणाऱ्या पहिल्या दोन व्यक्तींपैकी त्या एक. विस्कॉन्सिन विद्यापीठाने त्यांना ती १९६५ मध्ये दिली. त्यानंतर डब्यूक येथील क्लार्क कॉलेजात त्यांनी संगणकशास्त्राचा विभाग उभारला आणि वीस वर्षे सांभाळला.

आणा मावतो, दहा पैसे मावत नाहीत

पूर्णांकांची गोष्ट झाली. खरी अडचण अपूर्णांकांत आहे. ज्यांनी पावकी, निमकी आणि पाउणकी पाठ केली त्या पिढीला ती चटकन समजेल. आपली जुनी मापे निम्म्या-निम्म्याने उतरत: शेर, अच्छेर, पावशेर, नवटाक, छटाक. रुपयाचे सोळा आणे. आठ आणे म्हणजे अर्धा, चार आणे म्हणजे पाव, दोन आणे म्हणजे आठवा हिस्सा. द्विमान पद्धतीतही टिंबाच्या उजवीकडची घरे अशीच निम्म्याने उतरतात: अर्धा, पाव, आठवा, सोळावा. म्हणून एक आणा संगणकात ०.०००१ असा तंतोतंत मावतो. आजीचा छटाक आणि नव्या यंत्राचे चौथे घर ही एकच वस्तू आहे.

१ एप्रिल १९५७ रोजी आपल्या देशात दशमान नाणी आली आणि रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. दहा पैसे म्हणजे रुपयाचा दहावा हिस्सा. हा हिस्सा अर्धा, पाव, आठवा, सोळावा अशा तुकड्यांनी पुरा करू पाहा. तो कधीच पुरा होत नाही. त्याचे द्विमान रूप ०.०००११००११००११… असे अखंड चालत राहते. यात नवल नाही. आपल्या दशमान पद्धतीतही एकतृतीयांश ०.३३३… असा न संपणारा होतो. प्रत्येक पद्धतीला काही हिस्से सोपे जातात, काही कधीच जमत नाहीत. परंतु भांडे ठरावीक मापाचे असल्याने यंत्राला ती ओळ कोठेतरी तोडावीच लागते. १९८५ मध्ये ठरलेल्या जागतिक प्रमाणानुसार एका सामान्य अपूर्णांकासाठी ६४ घरे असतात: एक धन-ऋणाचे, अकरा टिंबाची जागा सांगणारी आणि बावन्न प्रत्यक्ष अंकांची. यात दशमान पंधरा-सोळा अंकांइतकी अचूकता मिळते. तरीही अशा यंत्राला ०.१ दहा वेळा मिळवावयास सांगितले तर उत्तर १ येत नाही, ०.९९९९९९९९९९९९९९९९ असे येते.

समंजस हिशेबनीस यावर उपाय जाणतात. रुपयांचे अपूर्णांक न ठेवता सारी रक्कम पूर्ण पैशांत मोजावी, किंवा दशमान अंकच यंत्रात साठवावेत. भांडे कोणते आणि त्यात काय मावत नाही हे ज्याला ठाऊक आहे, त्याचा हिशेब बिनचूक राहतो. ज्याला ते ठाऊक नाही किंवा जो ते विसरला, त्याचे काय होते याची दोन उदाहरणे येथे देतो.

पहिले उदाहरण ४ जून १९९६ चे. फ्रेंच गयानातील कुरू येथून युरोपचे एरियान ५ हे नवे रॉकेट प्रथमच उडाले आणि चाळीस सेकंदांच्या आसपास नष्ट झाले. दिशा सांभाळणाऱ्या यंत्रणेत ६४ घरांची एक संख्या १६ घरांच्या भांड्यात ओतली जात होती. त्या भांड्यात ३२७६७ पर्यंतच मावते. आधीच्या एरियान ४ रॉकेटात ती संख्या इतकी वाढत नसे, म्हणून जुनी आज्ञावली तशीच नव्यात घातली गेली. नवे रॉकेट अधिक वेगाने आडवे सरकले, संख्या भांड्याबाहेर गेली आणि यंत्रणा बंद पडली. चार उपग्रह भस्मसात झाले. सुदैवाने त्यात माणूस नव्हता.

दुसऱ्या उदाहरणात माणसे होती. आखाती युद्धात, २५ फेब्रुवारी १९९१ रोजी, सौदी अरेबियातील धाहरान येथे इराकी स्कड क्षेपणास्त्र अमेरिकन सैनिकांच्या निवासावर आदळले आणि २८ सैनिक ठार झाले. ते क्षेपणास्त्र वाटेत अडवण्यासाठी पॅट्रियट यंत्रणा तेथे सज्ज होती. तिचे घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागात वेळ मोजी. तोच तो द्विमान पद्धतीत न मावणारा दहावा हिस्सा! त्याला २४ घरांत तोडले होते. तोडताना जे गळले ते सेकंदाच्या सुमारे एक कोटीव्या भागाइतके, म्हणजे ०.०००००००९५. परंतु यंत्रणा सुमारे शंभर तास न थांबता चालू होती. शंभर तासांत सेकंदाचे दहावे भाग छत्तीस लक्ष होतात. तेवढ्या वेळा साचलेली ती चूक ०.३४ सेकंद झाली. सेकंदाला दीड किलोमीटरहून अधिक वेगाने येणारे क्षेपणास्त्र तेवढ्या वेळात अर्ध्या किलोमीटरच्याही पुढे जाते. यंत्रणेने आकाशात चुकीच्या जागी पाहिले. तेथे तिला काही दिसले नाही. दोष आधीच लक्षात आला होता आणि सुधारलेली आज्ञावली वाटेवर होती. ती धाहरानला पोचली दुसऱ्या दिवशी.

त्या युद्धाच्या न्याय-अन्यायाची चर्चा येथे करावयाची नाही. सांगावयाचे ते इतकेच की यंत्र खोटे बोलले नाही. त्याला दिलेल्या भांड्यातले त्याने इमानाने सांगितले. दहावा हिस्सा तोडताना गळलेल्या कणाची मात्र कोणी वेळीच दखल घेतली नाही.

अशी आणखी एक वेळ पुढे येणार आहे. पुष्कळ संगणक १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद ३२ घरांच्या भांड्यात मोजत आले आहेत. ते भांडे २१४७४८३६४७ वर भरते, आणि तो क्षण आपल्या घड्याळाप्रमाणे १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी येईल. त्यापुढच्या सेकंदाला जुनी यंत्रे किलोमीटरच्या चाकाप्रमाणे उलटून १९०१ साल दाखवतील. साल दोनच अंकांत लिहिण्याच्या सवयीमुळे २००० च्या उंबरठ्यावर जी धास्ती उडाली होती, ती आधीपासून केलेल्या दुरुस्त्यांमुळे निभावली. येथेही ६४ घरांचे भांडे देण्याचे काम चालू आहे, आणि ते वेळेवर पुरे करणे माणसांच्याच हाती आहे.

शंभरावे मेंढरू

जुन्या करारातील ज्ञानग्रंथाच्या अकराव्या अध्यायात माप, संख्या आणि वजन या तिन्हींचा उल्लेख सृष्टीच्या रचनेच्या संदर्भात येतो. संत ऑगस्टीनपासून अनेक आचार्यांनी त्यावर चिंतन केले आहे. सृष्टीतील संख्या ईश्वराच्या आहेत असे आपण मानतो; परंतु त्या लिहिण्याच्या खुणा, मणी, रकाने आणि बिट हे सारे माणसाचे आहे, आणि म्हणून अपुरे आहे. नऊ खुणा भारताने दिल्या, त्यांची थोरवी सिरियन बिशपने सांगितली, अरबांनी त्या पुढे नेल्या, स्पेनच्या मठात त्या उतरवल्या गेल्या, एका पोपने त्या शिंगाच्या मण्यांवर कोरल्या. इतक्या धर्मांच्या आणि भाषांच्या हातांतून आलेल्या वस्तूचा आपण गर्व करू नये, तशी तिची भीतीही धरू नये. तिची मर्यादा मात्र जाणून घ्यावी आणि आपल्या मुलांनाही सांगावी.

'मशीनचा हिशेब चुकेल कसा?' असे कोणी विचारील तेव्हा आपण शांतपणे विचारावे: या हिशेबातून काय गळले, आणि ज्याचे गळले त्याला ते कळवले का? पतपेढीच्या वहीत ते काही पैसे असतील. शिधापत्रिकेच्या यादीत किंवा रुग्णालयाच्या नोंदीत ते एखादे माणूस असू शकते.

प्रभू येशूने सांगितलेल्या दाखल्यातील मेंढपाळाजवळ शंभर मेंढरे होती आणि एक हरवले. हिशेबाच्या जगात नव्याण्णव म्हणजे जवळजवळ शंभरच. कोणतेही यंत्र, आणि पुष्कळशी माणसेही, ही तूट किरकोळ समजून पुढे जातील. मेंढपाळ पुढे गेला नाही. तो मागे वळला आणि सापडेपर्यंत शोधीत राहिला. मोजण्याची साधने आपण कितीही बदलली, मण्यांवरून विजेच्या तारेपर्यंत आलो, तरी गळलेल्या एकासाठी मागे वळण्याचे काम कोणत्याही भांड्यावर सोपवता येत नाही. ते आपल्यालाच करावे लागते.